वरपक्षाच्या चटईवर

आमच्या घरमालकीणबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरतंय ही बातमी मला दोन कामांसकट मिळाली: लेतेइसीचा झगा शिवून घे, आणि पाय सरळ पसरून जमिनीवर बसायची सवय कर. आम्ही गाबोरोनेत, म्हणजे बोत्स्वानाच्या राजधानीत, त्यांच्याच आवारातल्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे बोत्स्वाना बऱ्यापैकी अंगवळणी पडलंय, पण इथल्या लग्नघरात आतून वावरायची ही पहिलीच वेळ होती.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण पुण्याहून लांबलचक सुट्टी काढून आली होती. तिच्या डोक्यात चोबेचे हत्ती आणि ओकावांगोतल्या मोकोरो होड्या. लग्नाचं ऐकून म्हणाली, “हे तर फुकटात मिळालं की! फोटो किती भारी येतील.” तिला वाटत होतं, आपण बघायला जाणार. इथे मात्र कुणाला नुसतं बघायला बोलावत नाहीत. तुम्ही कोण, कुणाच्या, लग्न झालंय का, मुलंबाळं किती हे आधी विचारून घेतात, त्यावरून तुमची जागा ठरते आणि त्या जागेचं काम तुमच्या हातात येतं. पर्यटक नावाची जागा त्यात नाही.

बहिणीला विमानतळावरून घरी येतानाच अभिवादन शिकवायला घेतलं. बाईला ‘दुमेला म्मा’, पुरुषाला ‘दुमेला रा’, चारचौघांना मिळून ‘दुमेलांग’. दुकानात, बँकेत, पेट्रोल पंपावर, अगदी पोलिसाने गाडी अडवली तरी आधी हेच. रस्ता विचारायचा असला तरी थेट ‘बस स्टँड कुठे आहे’ म्हणायचं नाही. दुमेला म्हणायचं, समोरचा दुमेला म्हणतो, ‘ले काए?’ विचारतो, आपण ‘रे तेंग’ म्हणून उलट चौकशी करायची आणि मग बस स्टँडवर यायचं. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद लागतात. ते वाचवणाऱ्याला रस्ता सांगतात, नाही असं नाही, पण सांगणाऱ्याचा चेहरा बघून आपल्याला तो पुढे कुणालाच विचारावासा वाटत नाही.

जो येतो त्याने आधी बोलायचं, ही रीत. कॉम्बीत, म्हणजे इथल्या वडापमध्ये चढलं की आत कोंबून बसलेल्या अनोळखी माणसांनाही ‘दुमेलांग’. दवाखान्यातल्या बाकावर टेकताना तेच. होकारसुद्धा नुसता ‘ए’ असा तोडायचा नाही. ‘ए म्मा’, ‘ए रा’. कुणाच्या घरी गेलात तर दारावर धडकायचं नाही, फाटकापाशी उभं राहून ‘को को!’ अशी हाक द्यायची आणि आतून ओ येईपर्यंत थांबायचं. हात मिळवताना उजवा हात पुढे आणि डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराजवळ टेकवलेली. पैसे, कप, पिशवी, काहीही देता-घेताना हीच पद्धत. डाव्या हाताने देऊ नये हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही, पण दुसरा हात कोपराला लावायची सवय व्हायला वेळ लागतो. बहीण सुरुवातीला दोन्ही हात जोडायची. बायका हसायच्या, पण प्रेमाने.

घरमालकीणबाईंना आम्ही सगळे नुसतं ‘म्मा’ म्हणतो. त्या मला माझ्या मुलीच्या नावाआधी ‘म्मा’ जोडून हाक मारतात. पहिल्या मुलाच्या नावाने आई-वडील ओळखले जाणं इथे सन्मानाचं. बहिणीला मूल नाही, लग्नही नाही, त्यामुळे ती ‘आउसी’, ताई. चौतीस वर्षांची, वीस माणसांची टीम सांभाळणारी माझी बहीण या आवारात एका दिवसात पोरीबाळींत जाऊन बसली. याचे परिणाम पुढे व्हायचे होते.

आता झग्याबद्दल. लेतेइसी हा निळ्या, तपकिरी नाहीतर लाल रंगावर बारीक ठिपक्यांची नक्षी असलेला सुती कपडा. दक्षिण आफ्रिकेत त्याला श्वेश्वे म्हणतात. युरोपातून व्यापाऱ्यांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर आला, पूर्वी नीळ वापरून रंगवायचे, आणि आता इतका इथला झालाय की मानाच्या प्रसंगी विवाहित बाईने दुसरं काही घातलं तर भुवया उंचावतात. नवा कपडा खळीमुळे पुठ्ठ्यासारखा कडक असतो, धुतल्यावर मऊ पडतो. म्माने दुकानात ठाणाचा कोपरा सरळ जिभेला लावला. खारट लागला. “घ्या,” म्हणाल्या. ही अस्सलपणाची जुनी परीक्षा आहे आणि दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मापं घ्यायला गल्लीतल्याच शिवणकामवाल्या बाई आल्या. घेर मोठा, लांबी पोटरीपर्यंत, बाही कोपरापर्यंत. डोक्याला तुक्वी, म्हणजे रुमाल, आणि खांद्यावर मोखाखोल्वाने, चौकटीचं पातळ ब्लँकेट. ते खांद्यावरून घेऊन पुढे मोठ्या पिनेने अडकवायचं. पूर्ण जामानिमा अंगावर चढला की चाल आपोआप संथ होते.

पाय पसरून बसणं त्याहून अवघड. आपल्याकडे मोठ्यांसमोर पाय लांब केले की आजीची चापट ठरलेली. इथे नेमकं उलटं. पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली चटईवर, दोन्ही पाय जुळवून सरळ पुढे, झग्याने गुडघे झाकलेले, पाठ ताठ. मांडी घातलेली बाईमाणसाला शोभत नाही, असं म्माचं स्वच्छ मत. योगाच्या वर्गात दंडासन मिनिटभर करून घेतात, इथे तेच दोन-अडीच तास करायचं. म्मा संध्याकाळी अंगणात माझा सराव घ्यायच्या. स्वतः सत्तरीच्या, पण काटकोनात बसायच्या आणि त्याच बैठकीत घेवड्याच्या शेंगा सोलून व्हायच्या.

लग्नाआधी कान्येला जाणं आलं. म्मांचं सासर-माहेर दोन्ही तिथलं, गाबोरोनेपासून गाडीने तास-दीड तासावर, टेकडीवर पसरलेलं मोठं गाव. इथल्या शहरी माणसाचंसुद्धा एक गाव असतं, तिथे वाडी असते, वाडीचं स्वतःचं खोत्ला असतं. खोत्ला म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांची अर्धगोल भिंत असलेली सभेची जागा, शेजारी बहुधा गुरांचा गोठा. वाडीची वेगळी, गावाची मोठी वेगळी. लग्न, जमिनीचा तंटा, चोरी, सरकारची नवी योजना, सगळं तिथे बोललं जातं. म्मांना वाडीच्या मुखियाच्या कानावर लग्नाची गोष्ट रीतसर घालायची होती. बहीणही आमच्याबरोबर होती. निघताना म्माने तिच्या जीन्सकडे एकवार पाहिलं आणि काही न बोलता आतून एक लुंगीसारखा कपडा, शाल आणि रुमाल आणून हातात दिला. खोत्लामध्ये बायकांनी पँट घालून जायचं नाही, डोकं-खांदे झाकायचे. पुरुषांनी टोपी काढायची, जाकीट असलं तर बरं. खुर्ची लोक घरून घेऊन येतात.

तिथे त्या दिवशी दोन शेजाऱ्यांचा गुरांनी पीक खाल्ल्यावरून वाद चालला होता. कुणी कुणाला तोडत नव्हतं. एक म्हातारे आजोबा उठले, बराच वेळ मूळ मुद्द्यापासून लांबचं काहीतरी बोलले, लोकांनी तेही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. खोत्लातलं प्रत्येक बोलणं सुंदर असतं, अशी इथल्या त्स्वाना लोकांची म्हण आहे. दुसरी म्हण, खोसी म्हणजे राजा, तो लोकांमुळेच राजा. ऐकायला छान वाटतं, पण पूर्वी या ‘लोकां’मध्ये बायका मोजल्या जात नव्हत्या हेही खरं. आता त्या बोलतात. रामोत्स्वाच्या बालेते लोकांनी २००३ मध्ये मोसादी सेबोको या बाईंनाच खोसी म्हणून गादीवर बसवलं.

कान्येच्या माणसाला बाथोएन पहिल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९५ साली सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवादी उद्योगपतीच्या कंपनीच्या घशात आपला मुलूख जाऊ नये म्हणून तीन खोसी बोटीने इंग्लंडला जाऊन थेट सरकारदरबारी भांडले: बांग्वातोंचे खामा तिसरे, बाक्वेनांचे सेबेले पहिले आणि कान्येचे बाथोएन पहिले. गाबोरोनेत या तिघांचे भव्य पुतळे आहेत. शहरात अर्धा दिवसच हाताशी असेल तर मॉलऐवजी तिथे जावं.

कान्येहून परतल्यावर घरात बैठका सुरू झाल्या. नवऱ्या मुलाचे वडील हयात नाहीत, पण असते तरी त्यांना फारसं काही करायचं नव्हतं. आई-वडिलांनी पुढे पुढे करायचं नसतं. सूत्रं काका-मामांकडे, त्यातही मालोमे, म्हणजे सख्खा मामा, हा मुख्य. त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही. आत्याला राखादी म्हणतात, तीही वजनदार असामी. मुलगा एका विमा कंपनीत अधिकारी, मुलगी परिचारिका. दोघांचं कधीच ठरलेलं होतं, फोनवर दिवसाला दहा वेळा बोलणं. तरी बैठकीत मुलगा कोपऱ्यात गप्प बसलेला. एका बैठकीनंतर मी म्हटलं, इतका मोठा मुलगा, त्याला कुणी काही विचारत कसं नाही? मामा हसले आणि सेरेत्से खामाचं नाव घेतलं. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. १९४८ मध्ये लंडनमध्ये शिकत असताना त्याने रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी लग्न केलं. जगाने ती काळ्या-गोऱ्याची गोष्ट म्हणून वाचली आणि शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीच्या दबावामुळे ब्रिटिशांनी त्याला पुढे हद्दपार केलं तेही खरं. पण बांग्वातोंच्या राजधानीत, सेरोवेच्या खोत्लात, त्याच्या वतीने गादी सांभाळणारे काका त्शेकेदी संतापले होते ते मुख्यतः याच्यावर, की गादीचा वारस काकांना, जमातीला न विचारता लग्न करून मोकळा झाला. महिनोन्‌महिने सभा चालल्या. शेवटी १९४९ मध्ये हजारो माणसं त्याच्या बाजूने उभी राहिली. “त्याला लोकांनी स्वीकारलं, पण विचारायला उशीर केला हे त्याला ऐकून घ्यावं लागलंच,” मामा म्हणाले.

मुलीचं गाव मोचुडी, गाबोरोनेच्या ईशान्येला चाळीसेक किलोमीटर, बाखात्ला लोकांचं. म्मांकडची मंडळी मगरीच्या कुळाची, मुलीकडची माकडाच्या. इथे प्रत्येकाला कुलचिन्ह असतं आणि ओळख झाल्यावर ते हमखास विचारतात. मला राखादींनी विचारलं तेव्हा मी आमचं देवक कळंबाचं आहे असं सांगितलं. झाड? त्यांना जरा नवल वाटलं, कारण इथे बहुतेक प्राणीच असतात. मग तो प्राणी मारायचा नाही, खायचा नाही, तसं झाडाचं काय, असा प्रश्न आला. तोडत नाही, लग्नात पूजतो, म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं आणि पुढे मोचुडीच्या मंडळींशी ओळख करून देताना त्यांनी माझं कूळ न विसरता सांगितलं. भारतीय, अमक्याची बायको वगैरे नंतर.

मुलीला रीतसर मागणी घालायला जातात त्याला पात्लो म्हणतात. पात्लोला फक्त लग्न झालेली माणसं जातात. म्माने हे बहिणीला अगदी सहज सांगितलं, जसं काही पाऊस येईल छत्री ने. बहीण आधी हसली, मग खोलीत येऊन चिडली. “म्हणजे माझं वय, शिक्षण, काही नाही? नवरा असता तर आत, नाही तर बाहेर?” तिचं बरोबर होतं. ही रीत सुंदर आहे वगैरे बोलून मी तिची समजूत काढली नाही, कारण मलाही ती टोचतेच. इथल्या तिशीतल्या नोकरदार मुलींनाही टोचते, त्या बोलूनही दाखवतात. पण दुसऱ्याच्या घरच्या बैठकीत आपल्यासाठी नियम वाकवून मागायचा, हेही तिला पटेना. ती दोन दिवसांनी चोबेकाठच्या कासानेला हत्ती बघायला गेली आणि लग्नापुरती परत आली.

पात्लोसाठी आम्ही पहाटे अंधारातच मोचुडीत पोचलो. ऑगस्ट संपत आला होता तरी गारठा बोचत होता आणि त्या जाड कपड्यांचा अर्थ तिथे पहिल्यांदा अंगाला कळला. पुरुष जाकिटात पुढे, आम्ही बायका मागे एका रांगेत, मोठ्या वयाची आधी, लहान मागून. माझा नंबर शेपटाकडे. मुलीच्या घराच्या फाटकाबाहेर थांबलो. आत सगळे जागे, चूल पेटलेली, माणसं हिंडताना दिसत होती, पण कुणी आमच्याकडे बघायला तयार नाही. हे ठरलेलं असतं. वरपक्षाने ताटकळायचंच. बऱ्याच वेळाने एक काका बाहेर आले, कोण तुम्ही, काय काम, असं जणू काही ठाऊकच नसल्यासारखं विचारलं. मामांनी खाली मान घालून सांगितलं, “आम्ही पाण्याचा भोपळा मागायला आलोय.” पाणी भरायच्या वाळक्या भोपळ्याच्या नावाने मुलीला मागणी घालतात. मुलगी, लग्न, नवरदेव यातला एक शब्द त्या तासाभरात सरळ उच्चारला गेला नाही.

लोल्वापा म्हणजे घरापुढचं बुटक्या भिंतींचं अंगण. तिथे चटया घातल्या होत्या. नव्या सिमेंटच्या घरापुढेही हे अंगण जुन्याच पद्धतीने माती-शेणाने सारवलेलं होतं आणि ओलं असताना बोटांनी ओढलेल्या कमानींच्या रेघा त्यावर वाळल्या होत्या. त्या वासाने मला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि मी पाय सरळ करून बसले. समोर वधूपक्षाच्या बायका तशाच. मध्ये कुणी बोलत नव्हतं. बोलणी दोन्हीकडचे काका-मामा करत होते, तीही थेट नाही: इकडचा एक जण तिकडच्या एकाला सांगणार, तो आपल्या मोठ्यांकडे वळून तेच पुन्हा सांगणार, उत्तर त्याच वाटेने परत. अडचणीचा शब्द आला तर वाटेतच त्याची धार बोथट होते. हे पाहून मला आमच्याकडच्या देण्याघेण्याच्या बैठका आठवल्या, जिथे चहा यायच्या आधीच आवाज चढलेले असतात.

बोखादीचं, म्हणजे वराने द्यायच्या गुरांचं, ठरलं. किती ते मी लिहीत नाही, दोन घरांचा प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांत याला लोबोला म्हणतात, लेसोथोत बोहाडी. बायको विकत घेतात असं म्हणून आपल्याकडचे लोक मोकळे होतात. त्स्वाना जुन्या कायद्यात या गुरांनी मुलं कोणत्या घराची हे ठरायचं, ही खरी गोम. शिवाय सगळीकडे एकच पद्धत समजू नये. खामा तिसऱ्याने त्याच्या बांग्वातोंमध्ये बोखादी बंदच करून टाकली होती. आता गुरांऐवजी पैसेही चालतात, पण मोचुडीच्या मामांना चार पायांवर चालत आलेली गुरं हवी होती. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने त्यासाठी कर्ज काढलं. हेही इथे सर्रास होतं, आणि त्यावर टीकाही सर्रास होते.

मग विवाहित बायका नवरीला घेऊन वेगळ्या बसल्या. ती शाल डोक्यावरून घेऊन, मान खाली घालून मध्यभागी. एकेकीने तिला संसाराच्या चार गोष्टी सांगायच्या असतात. मलाही तिथे बसू दिलं. त्यात काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही अशी पद्धत आहे, म्हणून इथेही नाही. एवढंच म्हणते की सगळं काही सोशिकपणाचं नव्हतं, काही बायका भलत्याच स्पष्ट होत्या, आणि शालीखालून एकदा हसण्याचा आवाज आला.

लग्नाच्या सोहळ्याला बहीण परत आली. कायदेशीर नोंदणी आधी जिल्हा आयुक्तांच्या कचेरीत झाली होती, त्यात पाहण्यासारखं विशेष काही नसतं. शनिवारी मोचुडीत मुलीकडचा समारंभ. गुरं पहाटेच गोठ्यात पोचली, मामा लोकांनी मोजून घेतली, आणि बायकांनी हातात झाडू घेऊन जमीन झाडल्यासारखं करत जीभ हलवून तो उंच ललकारीचा आवाज काढला. अंगावर काटा येतो. दुपारी मोठ्या तंबूत नवरा-नवरीकडच्या मित्रमैत्रिणींचा नाच. हे रांगेत पावलं टाकत येणं आठवडेच्या आठवडे बसवलेलं असतं. बहिणीला पोरींनी सकाळीच ओढून नेलं होतं. ती कोबी चिरत पावलं शिकली आणि संध्याकाळी शेवटच्या ओळीत चक्क नाचली. फोटो तिने काढलेच नाहीत, इतरांनी तिचे काढले. मला मात्र विवाहित बायकांत चटईवर बसून तिच्याकडे बघावं लागलं, आणि त्या दिवशी कुणाची जागा जास्त बरी होती यावर आमचं अजून एकमत नाही.

फोटोंचं म्हणाल तर विचारून काढावेत, आणि विचारायच्या आधी दुमेला. लोक बहुधा आनंदाने उभे राहतात. सरकारी इमारती, लष्कर, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान यांचे काढू नयेत. मोचुडीत मुला-मुलींचे दीक्षाविधी अजून होतात. तिथे कॅमेराच काय, प्रश्नही नकोत. ज्यांनी ते केलंय तेही बोलत नाहीत. त्यापेक्षा फुथादिकोबो टेकडीवर चढून जावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांनी श्रमाने उभी केलेली शाळेची इमारत तिथे आहे, आता संग्रहालय. १८७१ मध्ये आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालातून बोअरांच्या, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या, जाचाला कंटाळून बाखात्ला लोक इथे आले, तो इतिहास तिथे समजतो आणि खाली गावाचं मोठं खोत्ला दिसतं.

पुढच्या शनिवारी कान्येत मुलाकडचा समारंभ, आणि आता आम्ही घरचे. शुक्रवारी रात्रीपासून चुली. बैलाचं मटण शिजवणं पुरुषांचं काम. तीन पायांच्या काळ्या लोखंडी हंड्यांत फक्त पाणी आणि मीठ, रात्रभर उकळायचं आणि मग लाकडी दांड्याने कांडून धागे धागे करायचे. त्याला सेस्वा म्हणतात. मसाला नाही, फोडणी नाही. माझा नवरा त्या पुरुषांत रात्रभर शेकोटीजवळ बसून होता आणि पहाटे त्याच्या अंगाला धुराचा असा वास होता की कपडे दोनदा धुवावे लागले. मी शाकाहारी हे कळल्यावर आधी, “मग कोंबडी वाढू का?” असा प्रश्न आला. तो इथे सगळ्यांनाच येतो, त्यात खवचटपणा नसतो. नंतर एका आजींनी माझ्यासाठी दिखोबे आणलं, चवळी आणि भरडलेला मका एकत्र शिजवून. शिवाय मोरोखो, वाळवलेल्या चवळीच्या पानांची भाजी, ज्वारीचं आंबवलेलं पीठ घालून केलेला घट्ट बोखोबे, आणि मादिला, म्हणजे विरजलेलं घट्ट दूध. ज्वारी आणि दही समोर आल्यावर सोलापूरच्या माणसाने तक्रार कसली करायची. बहिणीने मोपानी झाडावरच्या वाळवून तळलेल्या अळ्या, फाने, खाऊन बघितल्या. कुरकुरीत आहेत, म्हणाली. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. जेवणाआधी एक मुलगी तांब्या-परात घेऊन सगळ्यांच्या हातावर पाणी घालत फिरते. ती वाढताना गुडघे किंचित वाकवते, आपण दोन्ही हात पुढे करून घ्यायचं.

माझ्याकडे बीटाची कोशिंबीर आली होती. घमेलंभर बीट किसून होईपर्यंत हात कोपरापर्यंत लाल. म्मांची मोठी बहीण दर थोड्या वेळाने येऊन बघून जायची. एक मोठा सरकारी अधिकारी सहकुटुंब आला, त्यालाही कुणीतरी खुर्च्या उचलायला लावलं. खोसींचे प्रतिनिधी बोलायला उभे राहिले तेव्हा सगळे ‘पूला!’ ओरडले. पूला म्हणजे पाऊस, आशीर्वाद आणि १९७६ पासून चलनी नोटही.

रविवारी भांडी परत करायची होती. हंडे, परात्या, खुर्च्या कुणाकुणाच्या ते म्मांच्या जावेने वहीत लिहून ठेवलं होतं. त्याच वहीत मागच्या पानांवर मोत्शेलोचा हिशोब होता. आमच्याकडची भिशीच ती: दर महिन्याला ठरलेली रक्कम प्रत्येकीने टाकायची आणि पाळीने एकीने उचलायची. लग्नाच्या हंड्यांचं, किराण्याचं बरंचसं म्मांच्या पाळीतून निघालं होतं. जावेने पानावरून बोट फिरवत मला विचारलं, तुझी किती धरू? आम्ही इथे किती दिवस असू कुणास ठाऊक, मी म्हटलं. त्यावर तिने, मग तुझी पाळी शेवटी ठेवते, म्हणजे तेवढे दिवस तरी थांबशील, असं म्हणून माझं नाव तळाला लिहिलं आणि पहिल्या महिन्याचे पैसे तिथेच मागून घेतले.